डेटाबेस सर्व्हरच्या लॉग फाइली आपोआप फिरवताना: नाव बदलले, फाइल पुसली, तरी जागा का सुटत नाही?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही नीट लागेल. साखर कारखान्यातील ऊस-काट्याचे आणि शेती विभागाचे सॉफ्टवेअर ज्या उबुंटू सर्व्हरवर चालते, त्यावर मायएसक्यूएल 8.0 हा डेटाबेस आहे. त्याचा स्लो क्वेरी लॉग (जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद) डेटाच्याच डिस्कवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेला असून तो 40 जीबीपर्यंत वाढला. तुम्ही लॉगरोटेटची, म्हणजे जुन्या लॉगचे नाव बदलून नवी फाइल ठेवणाऱ्या प्रोग्रामची, कॉन्फिगरेशन फाइल लिहिली, रात्री लॉगचे नाव बदललेही, पण नवी फाइल शून्य बाइटचीच राहिली आणि नाव बदललेली जुनी फाइल वाढतच राहिली. मग तुम्ही ती जुनी फाइल हाताने पुसली, तर डीयू ही फाइलींचा आकार मोजणारी आज्ञा जागा मोकळी झाल्याचे दाखवते आणि डीएफ मात्र डिस्क 94 टक्के भरलेली दाखवते. कोणी तुम्हाला लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट हा पर्याय लावायला सांगितले, तर कोणी रोज मध्यरात्री डेटाबेस रीस्टार्ट करायला. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे, की बायनरी लॉगच्या (डेटातील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या) फाइली याच पद्धतीने फिरवल्या तर चालतील का.

मी कोल्हापुरातच डेटाबेस सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने, दूध संस्था, पतसंस्था अशा ठिकाणी ही अडचण मी अनेकदा पाहिली आहे, आणि बहुतेक वेळा ती लॉगरोटेटच्या फाइलीतील एखाद्या चुकलेल्या ओळीची नसते. तुमच्या बाबतीतही लॉगरोटेटने आपले काम बरोबर केले आहे. फाइल बदलली आहे हे डेटाबेसला कोणी सांगितलेच नाही, एवढाच त्यात दोष आहे. त्यामुळे खरे प्रश्न दोन आहेत. फाइल बदलल्यानंतर सर्व्हरने नवी फाइल उघडावी यासाठी काय करायचे, आणि लॉग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाइलींपैकी कोणत्या फाइलींना लॉगरोटेटचा हातही लागू द्यायचा नाही. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यात चुकलात तर डिस्क भरेल, पण दुसऱ्यात चुकलात तर हंगामाचा हिशेब परत मिळणार नाही.

लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. मायएसक्यूएल सुरू होताना लॉगची फाइल एकदा उघडते आणि त्यानंतर ती नावाने न शोधता, उघडताना मिळालेल्या डिस्क्रिप्टरवरून (उघड्या फाइलीच्या क्रमांकावरून) थेट त्या फाइलीतच लिहीत राहते. काट्यावरच्या लिपिकाच्या हातातील वहीच्या पुठ्ठ्यावर कोणी ‘कालची’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि टेबलावर नवी कोरी वही आणून ठेवली, तरी त्याला सांगितल्याशिवाय तो हातातल्याच वहीत नोंदी करत राहणार. इथेही तसेच झाले आहे. तुमची शून्य बाइटची नवी फाइल लॉगरोटेटच्या ‘क्रिएट’ या निर्देशाने तयार केली आणि ती तशीच पडून राहिली. पुढे तुम्ही जुनी फाइल पुसली तेव्हा फक्त तिचे नाव गेले. ती अजून मायएसक्यूएलकडे उघडी असल्यामुळे तिने व्यापलेले ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे तुकडे, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) सोडले नाहीत. डीयू नावांवरून मोजते, तर डीएफ ब्लॉकवरून, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. खात्री करायची असेल तर एलएसओएफ ही आज्ञा ‘प्लस एल वन’ या पर्यायासह रूट म्हणून चालवा. पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी येईल आणि तिच्यात मायएसक्यूएलडी या सर्व्हर प्रक्रियेच्या नावासमोर तुमचा लॉग आकारासह दिसेल.

आज करायचे काम अगदी छोटे आहे. डेटाबेस रीस्टार्ट करू नका. मायएसक्यूएलमध्ये शिरून ‘फ्लश लोकल स्लो लॉग्ज’ हा आदेश द्या. सर्व्हर जुनी फाइल बंद करून नेमलेल्या नावाची फाइल उघडेल आणि जुन्या फाइलीला धरून ठेवणारे कोणीच न उरल्यामुळे ती सगळी जागा लगेच मोकळी होईल. यातील ‘लोकल’ हा शब्द मी आवर्जून लिहिला आहे. तो नसेल तर फ्लशचा हा आदेश बायनरी लॉगमध्येही नोंदला जातो, आणि जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक) वापरणाऱ्या रेप्लिकेशनमध्ये असा आदेश रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, दिला गेला, तर तिच्याकडे मुख्य सर्व्हरला ठाऊक नसलेली नोंद तयार होते. ही नोंद अनेक महिने कोणाच्या लक्षात येत नाही आणि रेप्लिकाला मुख्य सर्व्हर करण्याची वेळ येते त्याच दिवशी नडते. नुसते ‘फ्लश लॉग्ज’ म्हणालात तर ती नोंद होत नाही, पण त्याने बायनरी लॉगसह सगळेच लॉग बंद होऊन पुन्हा उघडतात, म्हणजे दर वेळी बायनरी लॉगची एक नवी फाइल सुरू होते. दिवसातून एकदा हे झाले तर काही बिघडत नाही, पण दर तासाला करायचे असेल तर मी नेमका स्लो लॉगच फ्लश करतो.

आता कायमची व्यवस्था. उबुंटूच्या मायएसक्यूएल पॅकेजबरोबर लॉगरोटेटची एक फाइल आधीच येते. ती उघडून वाचा, कारण तिच्यात पोस्टरोटेट, म्हणजे नाव बदलल्यानंतर चालवायच्या आज्ञांचा, विभाग असतो आणि त्यात मायएसक्यूएलअॅडमिनने लॉग फ्लश करण्याची आज्ञा असते. ती फाइल फक्त नेहमीच्या लॉग फोल्डरपुरती असते. तुम्ही स्लो लॉग डेटाच्या डिस्कवर हलवल्यामुळे तो तिच्या कक्षेबाहेर गेला, आणि तुम्ही लिहिलेल्या नव्या फाइलीत पोस्टरोटेट विभाग राहून गेला. माझा सल्ला असा, की स्लो लॉग डेटाच्या डिस्कवर ठेवूच नये. लॉगने डिस्क भरली आणि त्याच डिस्कवर डेटा असला, तर डेटाबेसचे लेखन अडते. काट्यावर पावती निघायची थांबते आणि गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. तेच लॉग वेगळ्या पार्टिशनवर असतील, तर पार्टिशन भरल्यावर फार तर लॉग लिहिला जाणार नाही. जागेअभावी तूर्त तिथेच ठेवावा लागणार असेल, तर निदान त्या फोल्डरचा मालक मायएसक्यूएल हा वापरकर्ता असू द्या आणि ग्रुपला लिहिण्याची परवानगी देऊ नका. रूटखेरीज दुसऱ्या ग्रुपला लिहिता येणाऱ्या फोल्डरला लॉगरोटेट असुरक्षित समजते आणि तिथले रोटेशन करायचे नाकारते.

पोस्टरोटेटमधील फ्लशसाठी डेटाबेसचे रूट खाते वापरू नका. फक्त ‘रिलोड’ हा अधिकार असलेले वेगळे खाते तयार करा आणि त्याचा पासवर्ड अशा फाइलीत ठेवा जी केवळ रूटला वाचता येईल. चांगली चाललेली रोटेशनची व्यवस्था पुढे बंद पडण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण हेच खाते असते. ऑडिटनंतर कोणीतरी सगळे पासवर्ड बदलतो, स्क्रिप्टमधला तसाच राहतो, त्या रात्रीपासून फ्लश अपयशी ठरू लागते आणि पुन्हा तुमच्यासारखीच स्थिती येते: नावे बदलत राहतात आणि जुनी फाइल वाढत राहते. पासवर्डवर अवलंबून राहायचे नसेल तर मायएसक्यूएल 8.0.19 पासून चांगली सोय आहे. सर्व्हरच्या प्रक्रियेला ‘सिगयूएसआर1’ हा सिग्नल पाठवला, की तो एरर, जनरल आणि स्लो हे तीन लॉग बंद करून पुन्हा उघडतो. जुना ‘सिगहप’ही लॉग फ्लश करतो, पण त्याबरोबर अधिकारांचे तक्ते पुन्हा वाचणे, टेबले फ्लश करणे अशी इतर कामेही करतो. ऐन गर्दीत ते नको.

आकाराच्या बाबतीत एक गैरसमज फार दिसतो. लॉगरोटेटमध्ये ‘साइज 100 एमबी’ लिहिले म्हणजे फाइल 100 एमबीच्या पुढे जाणार नाही असे होत नाही. लॉगरोटेट हा सतत पहारा देणारा प्रोग्राम नाही. त्याला टायमर किंवा क्रॉन हा ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम दिवसातून एकदा उठवतो आणि तेवढ्यापुरताच तो आकार पाहतो. तुमच्याकडे गळीत हंगामात काटा रात्रंदिवस चालतो, त्यामुळे ‘रात्री कोणी नसते’ हे गृहीतही इथे लागू नाही. अशा ठिकाणी मी ‘डेली’बरोबर ‘मॅक्ससाइज’ देतो आणि लॉगरोटेट दर तासाला चालेल असे करतो. मग दिवस संपला तर रोटेशन होतेच, आणि मधल्या कोणत्याही तासात आकार ओलांडला गेला तरीही होते. मात्र तासावर येताच दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘रोटेट 7’ याचा अर्थ सात फाइली असा आहे, सात दिवस असा नव्हे. दर तासाला रोटेशन झाले तर सात तासांपूर्वीचे काहीच हाती राहणार नाही. दुसरे म्हणजे ‘डेटएक्स्ट’ लावले असेल तर फाइलच्या नावापुढे फक्त तारीख लागते, आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा रोटेशन करताना त्या नावाची फाइल आधीच असल्यामुळे लॉगरोटेट ते सोडून देतो. रेड हॅट घराण्यातील प्रणालींवर हा पर्याय मूळ कॉन्फिगरेशनमध्येच चालू असतो. ‘डेटफॉरमॅट’मध्ये तास जोडला की हे मिटते. ‘कम्प्रेस’बरोबर ‘डिलेकम्प्रेस’ही ठेवा, म्हणजे ताजी जुनी फाइल लगेच दाबली जात नाही आणि फ्लश क्षणभर उशिरा झाले तरी नोंदी वाया जात नाहीत.

इथे वेळेबद्दलही सांगायला हवे, कारण रोटेशन नीट चालू झाल्यावर पहिला गोंधळ याचाच होतो. मायएसक्यूएलमध्ये ‘लॉग टाइमस्टॅम्प्स’ हे मूल्य मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे लॉगमधील वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. समजा, 16 तारखेला पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी काट्यावर पावती अडकल्याची तक्रार आली. लॉगमध्ये ती घटना 15 तारखेच्या रात्री 20:40 या वेळेखाली असेल, पण रोटेशन स्थानिक मध्यरात्रीनंतर झालेले असल्यामुळे ती सापडेल 16 तारखेच्या नोंदी असलेल्या फाइलीत. शोधणारा माणूस दोन्ही फाइली चाळतो, ‘2:10’ शोधतो आणि लॉगमध्ये काही नाही असे सांगून मोकळा होतो. ‘सेट पर्सिस्ट’ वापरून हे मूल्य ‘सिस्टम’ करा. वेळेच्या शेवटी अधिक 05:30 दिसू लागले की बदल लागू झाला असे समजा.

कॉपीट्रंकेटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ज्या प्रोग्रामला फाइल पुन्हा उघडायला सांगण्याचा कोणताही मार्ग नाही, त्याच्यासाठीच तो पर्याय आहे. त्यात आधी फाइलची प्रत काढली जाते आणि मग मूळ फाइल रिकामी केली जाते. या दोन क्रियांच्या मध्ये लिहिल्या गेलेल्या नोंदी कायमच्या जातात. शिवाय प्रत काढायला तेवढीच जागा लागते, आणि 94 टक्के भरलेल्या डिस्कवर 40 जीबीची प्रत मावणार कुठे? रोज रीस्टार्ट करण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. त्याने फाइल पुन्हा उघडली जाते हे खरे, पण त्यासाठी चालू कनेक्शन तुटतात आणि मेमरीत साठलेला डेटा (बफर पूल) बराचसा रिकामा झाल्यामुळे पुढचा काही काळ पुष्कळ क्वेरी डिस्कवर जातात. लॉगसाठी डेटाबेस थांबवणे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आता बायनरी लॉग. याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यात परिस्थितीनुसार बदल होत नाही. स्लो लॉग, एरर लॉग आणि जनरल लॉग माणसाने वाचण्यासाठी असतात. ते गेले तर माहिती जाते, डेटा जात नाही. बायनरी लॉग मात्र डेटाबेसचाच भाग आहे. शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर झालेला प्रत्येक बदल त्यात असतो आणि रेप्लिका त्यावरूनच चालते. रविवारी पूर्ण बॅकअप झाला आणि गुरुवारी डिस्क गेली, तर सोमवार ते गुरुवारची वजने त्याच फाइलींतून परत उभी करायची असतात. या फाइलींची यादी सर्व्हर एका इंडेक्स फाइलीत ठेवतो, म्हणून त्यांची नावे बदलली, त्या दाबल्या किंवा हाताने पुसल्या, तर यादी आणि प्रत्यक्ष फाइली यांचा मेळ राहत नाही. त्यांचे रोटेशन सर्व्हर स्वतःच करतो. ‘मॅक्स बिनलॉग साइज’ मुळात 1 जीबी असते, मात्र एक व्यवहार दोन फाइलींत तोडला जात नसल्यामुळे मोठ्या व्यवहाराच्या वेळी फाइल त्याहून मोठी होऊ शकते. किती काळ ठेवायच्या हे ‘बिनलॉग एक्स्पायर लॉग्ज सेकंड्स’ने ठरते आणि 8.0 मध्ये ते मुळात 2592000 सेकंद, म्हणजे 30 दिवस असते. हंगामात 30 दिवसांच्या फाइली तुमच्या डिस्कला झेपत नसतील तर हे मूल्य कमी करा, पण ते दोन पूर्ण बॅकअपमधील अंतराच्या निदान दुप्पट असू द्या, म्हणजे एखादा बॅकअप खराब निघाला तरी त्याच्या आधीच्या बॅकअपवरून पुढे येता येईल. मुदत संपलेल्या फाइली सर्व्हर सुरू होताना किंवा नवी बायनरी लॉग फाइल उघडतानाच काढल्या जातात, त्यामुळे मूल्य बदलल्याबरोबर जागा सुटली नाही तर घाबरू नका. तातडीने जागा हवी असेल तर आधी रेप्लिका कोणत्या फाइलीपर्यंत पोहोचली आहे ते पाहा आणि मगच ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ हा आदेश द्या. जोडलेली रेप्लिका वाचत असलेली फाइल सर्व्हर राखून ठेवतो, पण त्या क्षणी रेप्लिका तुटलेली असेल तर तिला हवी असलेली फाइलही निघून जाईल. आणि यातली एखादी फाइल तुम्ही आधीच हाताने पुसली असेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आजच पूर्ण बॅकअप घ्या.

तुमच्या लेखा विभागाकडे पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस आहे असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. तिथे लॉगिंग कलेक्टर (लॉग गोळा करून फाइलीत लिहिणारी प्रक्रिया) चालू असेल तर तो स्वतःच रोटेशन करतो, मुळात दर 24 तासांनी किंवा 10 एमबीला, पण जुन्या फाइली तो कधीच काढत नाही. उलट उबुंटूच्या पॅकेजमध्ये कलेक्टर बंद असतो आणि लॉगरोटेट कॉपीट्रंकेटने काम भागवतो. दोन्हींपैकी एकच ठेवा. पोस्टग्रेसच्या वॉल फाइलींना, म्हणजे डेटातील बदल आधी नोंदवणाऱ्या फाइलींना, बायनरी लॉगचाच नियम लागू आहे. त्यांच्या फोल्डरचे पूर्वीचे नाव ‘पीजी एक्सलॉग’ असे होते आणि लोक ते साधे लॉग समजून पुसत, म्हणून 2017 मधील आवृत्ती 10 पासून ते ‘पीजी वॉल’ करण्यात आले.

जुन्या फाइली किती दिवस ठेवाव्यात, हे मात्र खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे. स्लो लॉगचा उपयोग क्वेरी सुधारण्यापुरता असतो. दोन आठवड्यांहून जुना स्लो लॉग मी क्वचितच उघडतो. एरर लॉगचे आणि लॉगिनच्या नोंदींचे तसे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कॉर्पोरेट संस्था आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग मागील 180 दिवसांचे आणि भारतातच ठेवायचे आहेत. तुमच्या कारखान्याला यातील काय कसे लागू होते ते लेखापरीक्षकांना लेखी विचारा आणि त्यानंतरच ‘रोटेट’चा आकडा ठरवा. मजकुराच्या फाइली दाबल्यावर खूप लहान होतात, त्यामुळे 180 दिवसांचा एरर लॉग जागेच्या दृष्टीने जड जात नाही. त्याची एक प्रत त्या सर्व्हरबाहेर, आणि शक्यतो त्या इमारतीबाहेर जाऊ द्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी कुठवर आले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि तळमजल्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रे ही अशा वेळी एकच प्रत ठरते. एवढे लक्षात ठेवा की स्लो लॉगमध्ये क्वेरी मूल्यांसह जशीच्या तशी उतरते. त्यात शेतकऱ्यांची नावे, बँक खात्यांचे क्रमांक, मोबाइल क्रमांक असू शकतात. ‘क्रिएट’मध्ये 640 ही परवानगी (मालकाला वाचता-लिहिता येईल, ग्रुपला फक्त वाचता) द्या आणि त्याच्या प्रती पेन ड्राइव्हवर फिरू देऊ नका.

व्यवस्था लावल्यावर तिची परीक्षा दिवसाउजेडी घ्या. लॉगरोटेटचा ‘डी’ हा पर्याय फाइल कशी वाचली जाते एवढेच दाखवतो. त्यात पोस्टरोटेट चालत नाही, म्हणून पासवर्ड बरोबर आहे की नाही हे त्यातून कळत नाही. ‘एफ’ हा पर्याय वापरून एकदा खरोखरच रोटेशन करा. मग मायएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट स्लीप’ला 11 सेकंद देऊन चालवा, ‘लाँग क्वेरी टाइम’ (याहून जास्त वेळ लागला तर क्वेरी स्लो लॉगमध्ये जाते) मूळ 10 सेकंदांवर किंवा त्याखाली असेल तर ती क्वेरी नव्या फाइलीत उतरली पाहिजे. ती जुन्या फाइलीत गेली किंवा कुठेच दिसली नाही, तर फ्लश झालेले नाही. पुढे रोज सकाळी सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या अपयशी सेवांच्या यादीत लॉगरोटेट नाही ना, हे पाहणारी छोटी तपासणी लावा.

रोटेशन बसले तरी 40 जीबी स्लो लॉग कशामुळे झाला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बहुधा कोणीतरी तपासणीसाठी ‘लाँग क्वेरी टाइम’ शून्यावर आणून तसेच सोडले असेल, किंवा इंडेक्स न वापरणाऱ्या क्वेरी नोंदवण्याचा पर्याय चालू असेल; त्या पर्यायात लहान टेबलावरची निरुपद्रवी क्वेरीही दर वेळी नोंदली जाते. तो हवाच असेल तर अशा नोंदींवर दर मिनिटाची मर्यादा घालता येते, मुळात ती नसते. तुमच्याकडील या दोन्ही पर्यायांची सध्याची मूल्ये, फ्लश केल्यानंतर डीएफने दाखवलेला आकडा आणि लॉगरोटेटची तुमची पूर्ण फाइल पासवर्ड वगळून इथे लिहा. त्यावरून ‘मॅक्ससाइज’ किती ठेवायचे ते नेमके सांगता येईल.